फायर सॅलॅमँडर आणि अल्पाइन सॅलॅमँडर कसे ओळखायचे?

सॅलॅमँडर म्हणजे सरड्यासारखे दिसणारे, शेपटीवाले उभयचर प्राणी. आल्प्समध्ये पावसानंतर पायवाटेवर दिसणारा पूर्ण काळा, चकचकीत प्राणी बहुधा अल्पाइन (सॅलॅमँड्रा अ‍ॅट्रा) असतो. काळ्या अंगावर पिवळे ठिपके किंवा पट्टे असतील तर फायर (सॅलॅमँड्रा सॅलॅमँड्रा). पण नुसत्या रंगावर जाऊ नका. इटलीतल्या आसियागो पठारावरच्या अल्पाइनच्या ऑरोरे या उपजातीच्या पाठीवरही पिवळे डाग असतात. म्हणून प्राण्याची लांबी आणि जागेची समुद्रसपाटीपासूनची उंचीही बघा. अल्पाइन साधारण ९ ते १४ सेंमी, बहुधा ८०० मीटरच्या वर. फायर १५ ते २० सेंमी, अंगाने जाड, खालच्या पानगळी जंगलांत ओढ्याकाठी.

खरा फरक पिल्लांत आहे, आणि तो थक्क करणारा आहे. फायरची मादी सहसा कल्ले असलेल्या डझनावारी अळ्या ओढ्यात सोडते. अल्पाइनला पाणी लागतच नाही: दोन ते तीन वर्षं, थंड उंचीवर त्याहूनही जास्त काळ गर्भ वाढवून ती एक-दोन पूर्ण तयार पिल्लं जमिनीवरच देते. इतक्या संथ प्रजननामुळे एकेक मादी गमावणंही महागात पडतं.

दोघांच्याही त्वचेत विष असतं, त्यामुळे हात लावू नका, फोटो काढा. दुसऱ्या जंगलात जाण्याआधी बुटांचा चिखल घासून काढा, जंतुनाशकाने धुवा आणि पूर्ण वाळवा. सॅलॅमँडरांना मारणारी बीसॅल नावाची बुरशी अशीच पसरू शकते; नेदरलँड्समधले फायर सॅलॅमँडर तिने जवळजवळ संपवले.