डोळ्यांच्या कोरडेपणावर नाकातल्या नसेला करंट देणारं यंत्र खरंच चालतं का? अमेरिकेतून मागवावं का?

चालतं, पण विहिरीत पाणी असेल तरच मोटर लावून उपयोग. विहीर आटलेली असेल तर मोटर कितीही भारी आणा, वर काही येत नाही. मी ते यंत्र स्वतःच्या नाकात घालून बघितलंय आणि त्याच दिवशी माझ्या आईनेही, म्हणून सविस्तर लिहिते.

२०१८ च्या उन्हाळ्यात आई कराडहून माझ्याकडे न्यू जर्सीला आली होती. माझे डोळे तीन वर्षं नुसते जळत होते, सकाळी पापणी उघडताना आत वाळू असल्यासारखं व्हायचं. ड्रॉप्स चालू होतेच. एके दिवशी आईला बरोबर घेऊन डोळ्यांच्या दवाखान्यात गेले, तेव्हा डॉक्टर बाईंनी ट्रूटिअर नावाचं यंत्र पुढे ठेवलं. त्याला आदल्या वर्षीच एफडीएची, म्हणजे औषधं आणि उपकरणं तपासणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेची, परवानगी मिळाली होती. मुठीत मावेल एवढं, वर दोन टोकं, त्यावर रोज बदलायची जेलची टोपी. टोकं दोन्ही नाकपुड्यांत सारायची आणि बटण दाबायचं. नाकात मुंग्या येतात, शिंक येतेय येतेय असं वाटतं आणि डोळे भरतात.

यात जादू काही नाही. फोडणीचा ठसका नाकात गेला की डोळ्यांत पाणी येतं, तीच वाट. नाकाच्या आतल्या त्वचेत पाचव्या मज्जातंतूची टोकं असतात, ती मेंदूला कळवतात आणि तिथून अश्रुग्रंथीला हुकूम सुटतो. एरवीही श्वासाची हवा नाकातून जाते तेव्हा ही नस थोडी थोडी जागी होत असते आणि डोळा ओला राहतो. यंत्र तेच काम जोरात करून घेतं.

आधी आणि नंतर मोजायचं म्हणून शर्मरची पट्टी लावली. टिपकागदाची बारीक पट्टी खालच्या पापणीत अडकवतात आणि ५ मिनिटांत किती मिलिमीटर भिजते ते बघतात. डोळा निरोगी असेल तर १० च्या वर जाते. माझी ४ वर थांबली होती. यंत्र चालू असताना १७ वर गेली. ओली कड वर सरकताना मी आरशात बघत होते. तीन वर्षांत पहिल्यांदा डोळ्यांत आपलं स्वतःचं पाणी होतं, बाटलीतलं नाही.

आई शेजारच्या खुर्चीत बसली होती. तिचेही डोळे लाल असायचे, म्हणून बाई म्हणाल्या, यांचंही बघू या. नवीन टोपी लावली. आईची पट्टी आधी २ होती. यंत्र लावल्यावर तिला लागोपाठ दोनदा शिंक आली, म्हणजे नस जागी होती. पण पट्टी २ वरच राहिली.

बाईंनी विचारलं, "जेवताना पाणी लागतं का?" आई म्हणाली, "भाकरीच्या प्रत्येक घासाला." "कांदा चिरताना डोळ्यांत पाणी येतं?" आई माझ्याकडे बघून म्हणाली, "नाही गं, झोंबतो नुसता." आमच्याकडे लग्नकार्यात पोतंभर कांदा आईकडेच द्यायचे, हिला कांदा लागत नाही म्हणून. घरात सगळ्यांना हे माहीत होतं आणि त्याचा अर्थ कोणालाच कळला नव्हता.

पुढे रक्ताच्या तपासण्या झाल्या, संधिवाताच्या डॉक्टरांकडे पाठवलं. शोग्रेन सिंड्रोम निघाला. यात शरीर स्वतःच्याच अश्रू आणि लाळेच्या ग्रंथींवर उलटतं. दहा रुग्णांत नऊ बायका असतात. याची सविस्तर नोंद १९३३ साली झालेली आहे, आणि माझ्या आईला वयाच्या ६१ व्या वर्षापर्यंत एकाही डॉक्टरने पट्टी लावली नव्हती. "वयोमान आहे, टीव्ही कमी बघा" एवढंच ऐकत आली ती.

हे मला एवढं का लागतं ते सांगते. २०११ मध्ये बाबा गेले. आई भिंतीला टेकून बसली होती, डोळे लालभडक, कोरडे ठक्क. आत्या भरल्या घरात म्हणाली, "नवरा गेला तरी डोळ्यांतून टिपूस काढलं नाही हिने." ते वाक्य आईला सात वर्षं चिकटून होतं. पाहुण्यांत कुठेही विषय निघाला की कोणीतरी ते म्हणायचंच. मी भांडले की आई मला गप्प करायची, "वन्संचा भाऊ गेलाय, जाऊ दे." पट्टी लावली त्या दिवशी दवाखान्याच्या पार्किंगमधूनच मी आत्याला फोन लावत होते. आईने हातातून फोन घेतला आणि पर्समध्ये टाकला.

तर तुमच्या प्रश्नाचं. यंत्र मागवायच्या आधी पट्टी लावून घ्या, आणि नाकात कापसाची काडी फिरवून पुन्हा लावायला सांगा. जपानमध्ये १९९१ पासून माहीत असलेली चाचणी आहे, खर्च जवळपास काहीच नाही. काडीने पट्टी भिजली तर तुमच्या ग्रंथीत पाणी आहे, यंत्राचा विचार करा. नाही भिजली तर पैसे वाचवा आणि रक्त तपासा. घरात एखादी बाई प्रत्येक घासाला पाणी पीत असेल तर तिलाही बरोबर न्या, ती स्वतःहून सांगणार नाही.

राहिलेलं थोडं. मी वापरलं ते यंत्र २०२० मध्ये बाजारातून गेलं, त्यामुळे कोणी जुनं विकत असेल तर घेऊ नका, टोप्यांशिवाय ते निरुपयोगी आहे. आता बाहेरून, नाकाच्या बाजूला टेकवून कंप देणारं आयटिअर आहे. व्हेरेनिक्लिन या औषधाचा नाकातला स्प्रेही २०२१ मध्ये मंजूर झाला. त्यानेही तीच नस जागी होते, शिंका मात्र फार येतात. करंटवालं यंत्र पेसमेकर असलेल्यांना आणि वारंवार घोळणा फुटणाऱ्यांना चालत नव्हतं. आणि पापणीतल्या तेलाच्या ग्रंथी तुंबल्या असतील तर आधी शेक आणि सफाई, नुसतं पाणी वाढवून ते डोळ्यांत टिकत नाही. मीदेखील ड्रॉप्स कधीच पूर्ण बंद करू शकले नाही.

आईला आता पिलोकार्पिनच्या गोळीने तोंडाला पाणी सुटतं, भाकरी पाण्याविना उतरते. डोळ्यांना ड्रॉप्सच आहेत. त्या दिवशीच्या पट्ट्या मी मागून घेतल्या आणि वहीत चिकटवल्या. एकीखाली लिहिलंय "मी, १७", दुसरीखाली "आई, २". मे महिन्यात कराडला जाणार आहे. आत्याकडे जाताना वही बरोबर नेणार, आई काहीही म्हणो.