लिंक फिरवण्याआधी नववा प्रश्न वाच

प्रश्न : ताई, नमस्कार. मी नांदेडला एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या) दुसऱ्या वर्षाला आहे. प्रबंधाला 'जिल्ह्यातील तरुणांमधील नैराश्य' हा विषय घेतलाय. पीएचक्यू-9 ही नैराश्य मोजणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली गूगल फॉर्मवर टाकून कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरवायचा विचार आहे. गाईडनी 300 जण सांगितलेत आणि महिनाच उरलाय. फॉर्म भरणाऱ्याला 50 रुपयांचं रिचार्ज दिलं तर चालेल का?

उत्तर : रिचार्जचं नंतर बघू. आधी त्या प्रश्नावलीतला नववा प्रश्न पुन्हा वाच. मेलेलं बरं, किंवा स्वतःला काहीतरी इजा करून घ्यावी, असे विचार गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा आले, असं त्यात विचारलंय. समजा, रात्री दीड वाजता हदगावच्या एखाद्या मुलानं तिथे 'जवळजवळ रोज'वर टिक केलं. तुझ्या शीटमध्ये 3 हा आकडा पडेल. तो कोण बघणार आणि कधी? महिनाअखेरीला बेरीज करताना बघणार असशील, तर हा फॉर्म पाठवूच नकोस.

तुझ्यापुढे दोन वाटा आहेत. फोन नंबर घेतलास, तर रोज सकाळ-संध्याकाळ उत्तरं तपासायची आणि गरज दिसली की त्याच दिवशी फोन करायचा. फोन तू करणार की कॉलेजचे समुपदेशक, हे आधीच ठरलेलं हवं, आणि असा फोन येऊ शकतो हे संमतीपत्रात लिहिलेलं हवं. नाव-नंबर घ्यायचा नसेल, तर तुला कोणापर्यंत पोचता येणार नाही. मग नववा प्रश्न ठेवायचा का, हे एथिक्स कमिटीला, म्हणजे माणसांवरचे अभ्यास नैतिकतेच्या बाजूने तपासणाऱ्या समितीला विचार. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे अभ्यास सुरू करण्याआधी कमिटीची मंजुरी लागतेच. दोन्ही वाटांवर फॉर्मच्या सुरुवातीला आणि शेवटी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर ठळक दे. तो फुकट आहे आणि चोवीस तास चालतो. आणि हो, अकरावी-बारावीची बहुतेक मुलं अठराच्या आतली असतात. त्यांच्यासाठी पालकांचीही संमती लागेल.

आता फोनचं. मी अकोल्याकडच्या गावांत मुलाखती घ्यायचे, तेव्हा बऱ्याच सुनांकडे स्वतःचा फोन नसायचा. एकीनं दिलेला नंबर नवऱ्याचा होता. आम्ही आठवणीचा मेसेज पाठवला, तो सासूबाईंनी नातवाकडून मोठ्यानं वाचून घेतला : 'या आठवड्यात तुम्हाला किती वेळा उदास वाटलं?' पुढच्या भेटीत त्या सुनेनं सगळ्या प्रश्नांना 'कधीच नाही' म्हणून सांगितलं. कागदावर ती ठणठणीत बरी! म्हणून मेसेजमध्ये अभ्यासाचा विषय कधीच लिहायचा नाही, आणि फोन कोणाकोणाच्या हातात असतो हे आधी विचारून घ्यायचं.

कॉलेजच्या ग्रुपवर फिरवलेली लिंक याच मुलींना गाळून पुढे जाते. हाती लागतात ते स्वतःचा फोन असलेले, कॉलेजात शिकणारे, या विषयावर बोलायला तयार असलेले. असे 300 मिळाले, तरी शीर्षकात 'जिल्ह्यातील तरुण' लिहिता येणार नाही. आशाताईंना भेट, जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात परवानगी माग. ओळखीच्या, विश्वासाच्या माणसानं सांगितलं की लोक टिकतात. अमेरिकेत मोबाइल ॲपवरून केलेल्या आरोग्याच्या आठ अभ्यासांचा, एक लाखाहून जास्त सहभागींचा, आढावा 2020 मध्ये आला. त्यात निम्मे लोक साडेपाच दिवसांतच गळाले होते. डॉक्टरांनी पाठवलेले मात्र बरेच आठवडे जास्त टिकले.

राहिलं रिचार्ज. वेळेचा आणि प्रवासाचा मोबदला द्यायला हरकत नाही, पण रक्कम कमिटीला सांगून ठरव. फक्त उघड्या लिंकला पैसे जोडू नकोस. तशी लिंक तासाभरात भलत्याच ग्रुपांवर जाते आणि एकच माणूस पाच नंबरांवरून फॉर्म भरतो. आधी प्रत्येकाशी दोन मिनिटं बोल, मग त्याची वेगळी लिंक पाठव. महिन्यात असे साठ-सत्तरच होतील. गाईडना हा सगळा हिशेब दाखव आणि विषय 'एका महाविद्यालयातील विद्यार्थी' इतका आवळून माग. मी तुझ्या गाईडच्या जागी असते, तर लगेच होकार दिला असता.