‘नॉर्मल होईल ना?’ या प्रश्नाच्या पोटात

‘नॉर्मल होईल ना, मॅडम? सिझर तर नाही ना करणार?’ सहावा-सातवा महिना लागला की हा प्रश्न घेऊन मुली माझ्याकडे, समुपदेशकाकडे, येतात. सोलापुरात होटगी रोडच्या बंगल्यांतून येतात, तशा पूर्व भागातल्या यंत्रमागाच्या घरांतूनही येतात. अलीकडे आणखी दोन मागण्या कानावर पडतात. कुणी मोबाइलवर व्हिडिओ बघून म्हणते, दवाखाना नकोच, सगळं नैसर्गिक हवं. कुणी म्हणते, कळा माझ्याच्यानं सोसवणार नाहीत, तारीख काढून सिझर करून टाका. या तिघींच्या काळजीचं मूळ मला एकच दिसतं. ते सगळ्यात स्वच्छ दिसलं ते एका सिस्टरच्या बोलण्यातून. तिची परवानगी घेऊन, ओळख पटेल असे तपशील बदलून लिहिते आहे.

शहरातल्या एका खासगी प्रसूतिगृहात ती लेबर रूमला होती. कित्येक वर्षांच्या नाइट ड्युट्या, हाताखालून गेलेली शेकडो बाळंतपणं, आणि आता ती स्वतः पहिलटकरीण. बाळाचं डोकं खाली, वार वर, बीपी-शुगर ठीक. तरी तिनं डॉक्टरांना सांगून टाकलं होतं की मला सिझरच करा. रात्र रात्र झोप नव्हती. डॉक्टरांनीच माझ्याकडे पाठवलं.

‘मी बायकांना धीर देते, मॅडम. थोडंच राहिलंय, लाव जोर, म्हणते. पण आत काय काय होतं ते मला माहितीये ना.’

‘काय काय होतं?’

ती सांगत गेली. एकीच्या बाळाचे ठोके घसरले. एकीची वार अडकली. एकीचं बाळ झाल्यावर रक्त थांबेना, नवऱ्याला रात्री दोन वाजता रक्तपेढीकडं पळवलं. कुठल्या टेबलावर, अंगावर कुठल्या रंगाची साडी, सगळं तिला पाठ होतं.

मी विचारलं, ‘त्या रात्री बाकीच्या किती जणी सुटल्या?’

‘सुटल्या असतील की तीन-चार.’

‘त्यांचं काय आठवतं?’

ती माझ्याकडे बघतच राहिली. काहीच आठवत नव्हतं.

मन अडलेलीची आठवण जपतं, सुखरूप सुटलेलीला विसरून जातं. मी तिला एवढंच सांगितलं की लेबर रूमच्या रजिस्टरमधला शेवटचा ‘शेरा’ हा रकाना नुसता नजरेखालून घाला, कुणाचं नाव टिपू नका. पुढच्या भेटीत ती म्हणाली, ‘पानंच्या पानं आई-बाळ सुखरूप लिहिलंय, मॅडम. माझ्याच अक्षरात.’

झोप थोडी सुधारली. सिझरची मागणी मात्र तशीच राहिली. मला ते अपेक्षित होतं. हिशेब दाखवून भीती कमी होते, पण तिचं मूळ दुसरीकडे असेल तर ती पूर्ण जात नाही. म्हणून मी तिच्या सासूबाईंना बोलावून घेतलं. त्या टोमणे मारतील याची सिस्टरला खात्री होती. ‘आम्ही नाही का झालो बाळंत’ हे वाक्य ती माझ्यासमोरच त्यांच्या आवाजात म्हणून दाखवायची.

विड्या वळून संसार ओढलेली ती बाई. चारही बाळंतपणं मोहोळ तालुक्यातल्या गावात, घरीच. मी त्यांना विचारलं, ‘तुमच्या वेळी चांगलं काय होतं?’

‘सुईण,’ त्या लगेच म्हणाल्या. ‘रात्रभर पाठ चोळत बसली. कळ आली की मी तिच्या गळ्यात हात टाकायची. एकदा उठून गेली नाही बगा.’

‘आणि वाईट काय होतं?’

यावर त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग पदर सारखा करत म्हणाल्या, ‘तिसऱ्या खेपेला वार पडंना. रक्त जाऊन जाऊन डोळ्यापुढं अंधारी. बैलगाडीत घालून नेलं. वाचले नशिबानं. म्हणून हिला म्हणते, दवाखान्यातच हो. पण कुणीतरी जवळ पाहिजे.’

सिस्टर रडायला लागली. ‘आमच्याकडं कुणी पाठ चोळत नाही. मीच नाही चोळत. तीन-तीन टेबलं एकटीनं बघायची तर हात कुठून आणू? पेशंटची आई बाहेर बाकावर. आत ती एकटी. ओरडली की कुणीतरी म्हणतं, आता कशाला ओरडतेस? मॅडम, मला त्या टेबलावर तसं पडायचं नाहीये. सिझरला निदान भूल असते. कुणी अंगावर ओरडत नाही.’

सातव्या महिन्याची ती बाई सासूच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती आणि सासू तिची पाठ चोळत होती. मी काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकानं बोलायचं नसतं, हे मला इतक्या वर्षांच्या कामानं शिकवलं आहे.

तिला कळांची भीती नव्हती, मरणाचीही नव्हती. त्या खोलीत एकटं पडण्याची होती, आणि तिथं आपल्याला कुणी काही विचारणार नाही याची होती. व्हिडिओ बघून दवाखाना नाकारणारी मुलगी याच भीतीपायी घराकडे पळते, सिस्टर ऑपरेशन थिएटरकडे पळत होती. ‘नॉर्मल होईल ना?’ विचारणारीच्या मनातही बहुतेकदा हेच असतं: माझ्या बाळंतपणात माझं काही चालेल का?

नैसर्गिक प्रसूतीचा विचार मांडणारे ब्रिटिश डॉक्टर ग्रँटली डिक-रीड यांनी 1930च्या दशकात सांगितलं होतं की भीतीनं अंग आखडतं, आखडलेलं अंग जास्त दुखतं आणि दुखण्यानं भीती वाढते. ही साखळी मी रोज बघते आणि तिच्यावर माझा विश्वास आहे. पण भीती गेली की वेदना जातातच, असं मी कुणालाही सांगत नाही. कळा दुखतात. नॉर्मल व्हावी अशी इच्छा जरूर धरा. झालीच पाहिजे असा हट्ट धरलात, तर गरजेचं सिझरसुद्धा हार वाटायला लागतं आणि बाळंतिणीची खोली अपराधाच्या भावनेनं भरून जाते.

लोकांचा संशय निराधार आहे असं मी म्हणणार नाही. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या सरकारी दवाखान्यांत सिझरचं प्रमाण 14.3 टक्के होतं आणि खासगीत 47.4 टक्के. एवढी तफावत निव्वळ बायकांच्या शरीरांमुळे पडते असं मला वाटत नाही. गरज नसताना केलेलं सिझर पुढच्या गरोदरपणातही अडचणी आणू शकतं. पण बाळ आडवं असेल, वार पिशवीच्या तोंडावर असेल, ठोके घसरत असतील, तर तेच सिझर दोन जीव वाचवतं. आणि बाळंत झाल्यावरचा रक्तस्राव धडधाकट बाईलाही, काही पूर्वसूचना न देता होऊ शकतो. बाळ झाल्याबरोबर मांडीत दिलं जाणारं एक इंजेक्शन तो धोका बराच कमी करतं. सासूबाईंना घरी ते मिळालं नव्हतं. म्हणून घरी बाळंत होण्याचा सल्ला मी कधीच देत नाही.

सिस्टरकडून मीही शिकले. पिशवीचं तोंड पाच सेंटिमीटर उघडेपर्यंतचा काळ पहिलटकरणीत खूप लांबू शकतो. तासाला एक सेंटिमीटर हा हिशेब प्रत्येकीला लावू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेनं 2018 मध्ये सांगितलं आहे. आई-बाळ ठीक असतील तर नुसत्या उशिरासाठी कळांचं सलाईन लावायची घाई करायची नसते. चालावं, कुशीवर व्हावं, पाणी प्यावं. सरसकट छेद देऊन टाके घालायचीही गरज नसते.

तिनं आपल्या डॉक्टरांपुढे चार गोष्टी ठेवल्या. आई आत हवी. तपासण्याआधी सांगा. सलाईन का लावताय ते सांगा. सिझरची वेळ आली तर दोन वाक्यांत कारण सांगा. डॉक्टर ‘हो’ म्हणाले आणि तिनं सिझरची मागणी मागे घेतली. कळा आपोआप सुरू झाल्या, रात्रभर आई पाठीशी होती, आणि पहाटे ठोके घसरल्यावर सिझरच करावं लागलं. फोनवर म्हणाली, ‘सिझर झालं, मॅडम. पण मला सांगून झालं.’ तिच्या आवाजात खंत नव्हती. माझ्या कामाचं मोल मी अशाच वाक्यांत मोजते.

तुम्हीही दवाखाना निवडताना डॉक्टरांना ‘नॉर्मल कराल ना?’ असं विचारू नका. त्याचं खात्रीचं उत्तर कुणापाशीच नसतं. कळांच्या वेळी सोबत कुणाला राहू देता, रात्री भूलतज्ज्ञ किती वेळात येतात, रक्ताची सोय कुठून होते, हे विचारा. पाणी गेलं, रक्त दिसलं, बाळाची हालचाल मंदावली, डोकं खूप दुखून डोळ्यांपुढं अंधुक झालं, तर कळांची वाट न बघता निघा. वाहन नसेल तर 108ला फोन करा. पैशाची चिंता असेल तर 2011पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयातलं बाळंतपण, सिझरसह, मोफत आहे. आपल्या सिव्हिललाही.

ही विचारपूस सहाव्या महिन्यातच करा, म्हणजे उत्तर पटलं नाही तर दुसरीकडे नाव घालायला वेळ राहतो. सोबतीचं माणूसही तेव्हाच ठरवा. सरकारी दवाखान्यांत सोबतीण ठेवू द्यावी असं केंद्र सरकारनं 2016 मध्येच सांगितलं आहे, आणि ती शक्यतो स्वतः बाळंतपणातून गेलेली असावी असंही त्यात आहे. नवऱ्याला आत घ्यायचं असेल तर तिथं प्रत्येक टेबलाला पडदा आहे का, तेही त्याच भेटीत बघून घ्या.