वाचक विचारतात : माद्रिदचा अंकुश आणि बास्कांची तिजोरी

प्रश्न : स्पेनने २०१७ मध्ये कॅटलोनिया या स्वायत्त प्रदेशाचे सरकार बरखास्त केले. म्हणजे आपल्याकडची राष्ट्रपती राजवटच ना?

उत्तर : परिणाम जवळपास तोच, क्रम मात्र उलटा. आपल्या ३५६व्या कलमाखाली घोषणा आधी निघते; संसदेची मंजुरी दोन महिन्यांत मागाहून घेतली तरी चालते. महाराष्ट्राने १९८०, २०१४ आणि २०१९ मध्ये हे अनुभवले आहे. स्पेनच्या १५५व्या कलमात केंद्राने आधी त्या प्रदेशाच्या अध्यक्षांना लेखी समज द्यायची. समाधान झाले नाही, तर सिनेटच्या, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या, एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून अधिक मते मिळवायची. मगच पुढचे पाऊल.

कॅटलोनियाच्या स्वातंत्र्यावरचे १ ऑक्टोबर २०१७ चे सार्वमत घटनात्मक न्यायालयाची स्थगिती झुगारून झाले होते. १० तारखेला कॅटलोनियाचे अध्यक्ष कार्लेस पुजदेमाँ यांनी स्वातंत्र्य जाहीर केले आणि त्याच भाषणात ते लांबणीवरही टाकले. त्यामुळे पंतप्रधान मारिआनो राहॉय यांच्या ११ तारखेच्या पत्रात पहिला सवाल एवढाच होता : स्वातंत्र्य जाहीर केले की नाही? उत्तराला मुदत १६ तारखेच्या सकाळी दहापर्यंत, माघारीला १९ च्या सकाळी दहापर्यंत. आलेल्या उत्तरात ‘हो’ही नव्हते, ‘नाही’ही नव्हते. २७ ऑक्टोबरला बार्सिलोनातल्या कॅटलान विधिमंडळाने बहुतेक विरोधक सभात्याग करून गेलेले असताना ७० विरुद्ध १० मतांनी स्वातंत्र्याचा ठराव केला. त्याच दिवशी सिनेटने २१४ विरुद्ध ४७ मतांनी १५५व्या कलमाखालच्या कारवाईला मंजुरी दिली. रात्रीपर्यंत सरकार गेले, विधिमंडळ विसर्जित झाले, २१ डिसेंबरची निवडणूक लागली. केंद्राचा ताबा प्रत्यक्षात सुटला २ जून २०१८ ला, नवे कॅटलान सरकार आल्यावर.

मेख दोन ठिकाणी आहे. कलम फक्त ‘आवश्यक ते उपाय’ म्हणते. सरकार काढता येते का, किती काळासाठी, याबद्दल चकार शब्द नाही. आपल्याकडे निदान तीन वर्षांची कमाल मर्यादा आहे. (स्पेनच्या घटनात्मक न्यायालयाने २०१९ मध्ये कॅटलोनियावरची कारवाई मोठ्या अंशी वैध ठरवली.) दुसरे म्हणजे सिनेट प्रदेशांचे सभागृह म्हणवते, पण बहुतांश सदस्य प्रांतवार निवडून येतात, मुख्य भूमीवरच्या प्रत्येक प्रांताला चार जागा, लोकसंख्या कितीही असो. राहॉय यांच्या पक्षाचे तिथे स्वबळावर बहुमत होते, त्यामुळे अडवणार कोण? याआधी १९८९ मध्ये स्पेनच्याच कॅनरी बेटांना जकातीच्या वादात असेच पत्र गेले होते. तेव्हा पत्रावरच भागले.

प्रश्न : बास्क प्रदेश कर स्वतः गोळा करून उलट केंद्रालाच पैसे देतो म्हणे. हिशोब कसा करतात? आणि ही सोय कॅटलोनियाला का नाही?

उत्तर : कर बास्क सरकारही गोळा करत नाही. आलावा, बिस्काया आणि गिपुस्कोआ या तीन प्रांतांच्या परिषदा करतात. प्राप्तिकर आणि कंपनी कराचे दर त्या ठरवू शकतात; मूल्यवर्धित कराचे दर मात्र देशभराचेच. मग जी कामे बास्कांकडे आलेली नाहीत, म्हणजे लष्कर, परराष्ट्र खाते, राजघराणे, कर्जावरचे व्याज, त्यांवरच्या केंद्राच्या खर्चाचे ६.२४ टक्के माद्रिदला द्यायचे. असा खर्च १,००० कोटी युरो धरला, तर वाटा ६२.४ कोटी. त्यातून केंद्राने परस्पर वसूल केलेल्या महसुलाचा आणि केंद्रीय तुटीचा त्याच प्रमाणातला भाग वजा होतो. उरलेली रक्कम मे, सप्टेंबर आणि डिसेंबर अशा तीन हप्त्यांत.

६.२४ हा आकडा १९८१ पासून जागचा हललेला नाही. पण खरी ओढाताण टक्क्यावरून नसते, कोणता खर्च किती धरायचा यावरून असते. ते दोन्ही सरकारांची संयुक्त समिती बंद दाराआड ठरवते आणि संसदेपुढे एका कलमाचा कायदा येतो : घ्या किंवा फेटाळा. पद्धत दर पाच वर्षांनी नव्याने ठरायला हवी. तरीही २००७-११ साठीची पद्धत २०१७ च्या तडजोडीपर्यंत तशीच ओढली गेली.

ही व्यवस्था १८७८ ची. यादवी युद्धात विरोधात गेले म्हणून हुकूमशहा फ्रँकोने १९३७ मध्ये बिस्काया आणि गिपुस्कोआची सवलत काढून घेतली, आलावाची ठेवली. १९७८ च्या राज्यघटनेने अशा प्रदेशांच्या जुन्या हक्कांना संरक्षण दिले. शेजारचा नवार्रा प्रदेशही त्यात येतो. कॅटलोनियाच्या जुन्या संस्था १७१६ मध्येच मोडल्या गेल्या होत्या, त्यामुळे तो सर्वसाधारण करव्यवस्थेत राहिला. सप्टेंबर २०१२ मध्ये कॅटलोनियाचे तेव्हाचे अध्यक्ष आर्तूर मास यांनी स्वतंत्र करकरार मागितला, राहॉय यांनी नकार दिला. त्यानंतर स्वातंत्र्याची मागणी सरकारी पातळीवर आली.

प्रश्न : मग स्पेन संघराज्य आहे का?

उत्तर : कागदावर नाही. १७ स्वायत्त प्रदेश आहेत, पण १४५वे कलम त्यांना आपसात संघ करायला सरळ मनाई करते. सेवा पुरवण्यासाठी दोघांत करार करता येतो, तो संसदेला कळवावा लागतो. त्यापलीकडच्या सहकार्य कराराला संसदेची परवानगी लागते.