व्यायामाआधी-व्यायामानंतर कर्बोदके : वेळेपेक्षा मापाकडे पाहा

आपला प्रश्न वाचला. सकाळी सहाला अनशापोटी वजने उचलायची, व्यायाम संपल्यावर अर्ध्या तासाच्या आत डेक्स्ट्रोजचे (म्हणजे ग्लुकोज पावडरचे) पाणी आणि दोन केळी घ्यायची, संध्याकाळी सातनंतर भात-भाकरीला हात लावायचा नाही, असे वेळापत्रक चार महिने काटेकोर पाळूनही वजनकाटा ८१ वर अडला आहे आणि तिसऱ्या सेटला डोळ्यांपुढे अंधारी येते, असे आपण लिहिले आहे. सहा वर्षांपूर्वी मी नेमकी याच जागी होते. फरक इतकाच की माझा काटा ६८ वर अडला होता. म्हणून सविस्तर लिहिते. दिवसभराचे उष्मांक खर्चापेक्षा कमी असावेत, प्रथिने पुरेशी असावीत, झोप पुरी व्हावी, हे आपल्याला ठाऊक आहे असे आपल्या लिहिण्यावरून दिसते, त्यामुळे ते पुन्हा सांगत नाही.

मी डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञ नाही. हा वाचनाचा आणि स्वतःच्या शरीरावर घेतलेल्या अनुभवाचा भाग आहे. आपल्याला मधुमेह असेल आणि इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर पुढचे काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. अशा औषधांवर असताना उपाशीपोटी व्यायाम केल्यास रक्तातील साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. आपली अंधारी हीसुद्धा केवळ भूक आहे असे गृहीत धरू नका. एकदा रक्तदाब आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या.

आता माझी चूक. वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी मी व्यायामशाळेत जाऊ लागले आणि तिथल्याच आहार सल्ला विभागात तीन महिन्यांचे पैसे भरले. पहिल्या भेटीत मला एक छापील तक्ता मिळाला. त्यात व्यायामानंतर तीस मिनिटांच्या आत ५० ग्रॅम डेक्स्ट्रोज, दोन केळी आणि चमचाभर मध असे लिहिले होते. कारण असे सांगितले गेले की तेवढ्या वेळात खाल्लेली कर्बोदके थेट स्नायूंत जातात, चरबीत जात नाहीत. महिनाभराने कंबर तसूभरही हलली नाही, म्हणून मी पुन्हा गेले, तेव्हा तीस मिनिटांची पंधरा मिनिटे झाली. तिसऱ्या भेटीत संध्याकाळी सातनंतरची भाकरी बंद झाली. तीन भेटींत तिन्ही वेळा घड्याळ बदलले, पण मी दिवसभरात एकूण किती खाते, घरात महिन्याला तेल किती लागते, तासानंतरचा पोह्यांचा नाश्ता मी सोडला आहे की तोही चालूच आहे, हे एकदाही कोणी विचारले नाही. मी स्वतः विचारले, तेव्हा ‘तक्त्याप्रमाणे चाला’ एवढेच उत्तर आले. त्या विभागाचा मला आजही मनापासून राग आहे. मी सांगितलेले सारे प्रामाणिकपणे पाळत होते, आणि त्या पाळण्यात माझे सात महिने गेले.

हिशेब साधा होता, तो मी फार उशिरा मांडला. कर्बोदकांच्या एका ग्रॅममधून सुमारे ४ उष्मांक मिळतात. डेक्स्ट्रोजचे दोनशे, दोन केळ्यांचे जवळजवळ तेवढेच आणि मधाचे साठ, म्हणजे साडेचारशेच्या आसपास. माझ्या वजनाच्या बाईचा पन्नास मिनिटांच्या वजनांच्या व्यायामात, मधली विश्रांती धरून, खर्च दोनशे ते अडीचशेच्या घरात होतो. म्हणजे व्यायामाच्या प्रत्येक दिवशी मी जाळलेल्यापेक्षा दोनशे उष्मांक जास्त परत घेत होते, आणि नेहमीचा नाश्ता त्यावर वेगळा होताच. त्यात सातनंतर भाकरी बंद केल्यामुळे रात्री साडेदहाला भूक असह्य होई आणि मूठभर शेंगदाणे, वाटीभर चिवडा असे पोटात जाई. पन्नास ग्रॅम शेंगदाण्यांचे पावणेतीनशेहून अधिक उष्मांक होतात, ते एका भाकरीपेक्षा जास्तच. सात महिन्यांनी वजन ६९.५ झाले होते आणि कंबर दोन सेंटिमीटरने वाढली होती.

त्या अर्ध्या तासाच्या आग्रहामागे काहीच नाही असे मी म्हणणार नाही. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या सायकलपटूंवरील एका प्रयोगात दिसले होते की, व्यायाम संपताच कर्बोदके दिली तर स्नायूंतील ग्लायकोजेन, म्हणजे शरीराने साठवून ठेवलेली साखर, वेगाने भरून येते आणि दोन तास उशीर केला तर तो वेग मंदावतो. पण हा वेग ज्याला त्याच दिवशी पुन्हा दमछाक करणारा व्यायाम करायचा आहे त्याच्या कामाचा. ज्याची पुढची पाळी दुसऱ्या दिवशी सकाळी आहे त्याचा साठा दिवसभराच्या पुरेशा जेवणातून तोवर भरूनच येतो. शिवाय वजनांच्या एका सत्रात, राबलेल्या स्नायूंतले ग्लायकोजेन साधारण एक चतुर्थांश ते चाळीस टक्के खर्च होते. ते तळाला जात नाही. लांब पल्ल्याच्या सायकलपटूची गरज नोकरी सांभाळून तासभर व्यायाम करणाऱ्याच्या गळ्यात घालणे मला अन्यायाचे वाटते.

अनशापोटी व्यायामाचेही तसेच. रिकाम्या पोटी इन्शुलिन खाली असते, त्यामुळे त्या तासात शरीर चरबी अधिक प्रमाणात वापरते, हे खरे आहे. पण उरलेल्या तेवीस तासांत ते कमी वापरून हिशेब बराचसा बरोबर करते. व्यायामशास्त्राचे संशोधक ब्रॅड शोनफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली वीस तरुणींवर चार आठवडे प्रयोग केला. सगळ्यांचे उष्मांक कमी ठेवले, अर्ध्यांनी उपाशीपोटी आणि अर्ध्यांनी खाऊन आठवड्यातून तीनदा तासभर व्यायाम केला. दोन्ही गटांची चरबी उतरली आणि त्यांत लक्षणीय फरक आढळला नाही. प्रयोग लहान आहे, पण माझा अनुभव त्याच्याशी तंतोतंत जुळतो.

मला सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट वेगळीच होती. रात्रभराच्या उपासात यकृतातला साखरेचा साठा बराच उतरतो, पण स्नायूंतला साठा झोपेत फारसा हलत नाही, कारण स्नायू आपले ग्लायकोजेन रक्ताला परत देऊ शकत नाहीत. म्हणजे सकाळी सहाला व्यायाम करणाऱ्याची शिदोरी आदल्या दिवशीच्या जेवणांनी बांधून ठेवलेली असते. आपण ती भाकरी काढून टाकली आहे, आणि पहाटे रिकाम्या पोटी स्क्वॅट्स (खांद्यावर वजन घेऊन बैठका) करत आहात. रात्री कर्बोदके खाल्ली की चरबीच होते, या समजुतीलाही मला आधार सापडला नाही. इस्रायलमधील स्थूल पोलिसांवरील २०११च्या एका सहा महिन्यांच्या अभ्यासात, बहुतेक कर्बोदके रात्रीच्या जेवणात खाणाऱ्यांचे वजन उलट थोडे अधिकच उतरले आणि त्यांना भूकही कमी जाणवली. यावरून सगळी भाकरी रात्रीच खा असे मी सांगत नाही. भीती मात्र सोडा.

मी केलेले बदल असे. डेक्स्ट्रोजचा डबा बंद केला. रात्रीच्या जेवणात ज्वारीची एक भाकरी, उसळ आणि कोशिंबीर परत आणली. सकाळी व्यायामाआधी अर्धा तास एक लहान केळे किंवा तीन खजूर घेऊ लागले. व्यायामानंतर वेगळे काहीही न घेता तासाभरात नेहमीचाच नाश्ता, म्हणजे दोन अंडी आणि भाकरी, किंवा मटकीची उसळ घातलेले थोडे पोहे. दुपारचा भात वाटीने मोजला आणि चार वाजताच्या चहाबरोबरची बिस्किटे सोडली. व्यायामाभोवतीची कर्बोदके दिवसाच्या ठरलेल्या वाट्यातूनच काढायची, त्यांची वरून भर घालायची नाही, एवढाच माझा नियम होता. नऊ महिन्यांत वजन ६३ आणि कंबर ९१ वरून ८३ सेंटिमीटर झाली. मला अधिक समाधान याचे वाटले की स्क्वॅटचे वजन ३० किलोवरून ४५ किलोवर गेले, कारण आधी खाल्ल्याने मी शेवटचे सेट खऱ्या अर्थाने पूर्ण करू लागले. व्यायामाआधीच्या कर्बोदकांचे काम माझ्या मते इतकेच आहे. ती चरबी जाळत नाहीत, ती आपल्याला नीट व्यायाम करू देतात.

भाकरी परत सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात काटा एक-दीड किलोने वर जाईल. त्याने घाबरू नका. ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण ३ ग्रॅम पाणी स्नायूंत साठते. आपण सुरुवातीला लिहिलेली ‘पहिल्याच आठवड्यात दोन किलो’ ही घटसुद्धा बहुतांशी या पाण्याचीच असणार. याच कारणाने पायाखालच्या पट्ट्यांवरून चरबीची टक्केवारी सांगणाऱ्या यंत्रावर रोज विश्वास ठेवू नका, कारण शरीरातले पाणी बदलले की त्याचा आकडा बदलतो. शिंप्याची फीत बेंबीभोवती धरून दर रविवारी सकाळी, काही खाण्याआधी कंबर मोजा आणि चार आठवड्यांचे आकडे एकत्र पाहा.

उपासाच्या दिवसाचेही आपण विचारले आहे. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. कोरड्या शंभर ग्रॅममध्ये ८५ ग्रॅमहून अधिक कर्बोदके आणि प्रथिने नाममात्र, त्यावर तूप आणि दाण्याचे कूट. चतुर्थीला मी खिचडीऐवजी वरीचे तांदूळ, दही आणि राजगिरा घेते आणि जड व्यायाम आदल्या दिवशी उरकते. हा माझ्या सोयीचा भाग आहे, नियम नव्हे. रात्री जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटे शतपावली मात्र जरूर घाला. राबणारे स्नायू इन्शुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातली साखर उचलतात, त्यामुळे जेवणानंतरची साखरेची उसळी कमी होते.

आपण दिवसाला एकूण किती खाता आणि डेक्स्ट्रोजचे माप किती आहे, हे प्रश्नात लिहिलेले नाही. स्वयंपाकघरातला साधा वजनकाटा घेऊन सात दिवस पीठ, तांदूळ, तेल आणि शेंगदाणे मोजा, आणि व्यायामानंतर जे पेय घेता त्याचे ग्रॅमही लिहा. तो आठवडा इथेच टाकलात तर भाकरी किती आणि कधी ठेवता येईल हे आपण मिळून पाहू.