उंदराला हा विषाणू होतच नाही, मग लस तपासली कशी?

प्रश्न : माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. आमच्या डॉक्टरांनी तिला गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची एचपीव्ही लस द्यायला सांगितलं आहे. सोसायटीच्या ग्रुपवर एका बाईंनी लिहिलं, की हा विषाणू उंदरांना होतच नाही, मग प्राण्यांवरच्या चाचण्यांना अर्थ काय? तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही.
— एक आई, सहकारनगर, पुणे

उत्तर : ताई, त्या बाईंचं पहिलं विधान बरोबर आहे. माणसाचा एचपीव्ही, म्हणजे हा कर्करोग घडवणारा मानवी पॅपिलोमा विषाणू, उंदरात, सशात किंवा कुत्र्यात रोग करत नाही. पॅपिलोमा विषाणू बहुतेक आपापल्या प्राण्यालाच धरून राहतात. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे, कारण संशोधकांना ही अडचण पहिल्यापासून ठाऊक होती आणि त्यांनी वाट त्यातूनच काढली.

कुत्र्याच्या तोंडात चामखिळी आणणारा त्याचा स्वतःचा पॅपिलोमा विषाणू असतो. पशुवैद्यकाच्या टेबलावर अशी पिल्लं नेहमी येतात, मीही पुष्कळ पाहिली. ओठांच्या आतून फ्लॉवरच्या तुऱ्यासारखे गुच्छ लोंबत असतात. या विषाणूच्या बाहेरच्या कवचाचं ‘एल १’ नावाचं एकच प्रथिन तयार करून ते बीगल कुत्र्यांना टोचलं. नंतर मुद्दाम खरा विषाणू तोंडात लावला, तरी चामखिळी आल्या नाहीत. हे १९९५ साली प्रसिद्ध झालं. त्याच अभ्यासात लस घेतलेल्या कुत्र्यांच्या रक्तातली प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) लस न घेतलेल्या कुत्र्यांना दिली, तर तेही बचावले. म्हणजे रक्तातली प्रतिपिंडं तोंडाच्या ओल्या अस्तरापर्यंत पोचून राखण करू शकतात. तुमच्या मुलीच्या लशीमागची मूळ कल्पना हीच आहे. लशीत विषाणूचं नुसतं रिकामं कवच असतं. आत जनुकं नसल्यामुळे तिच्यापासून संसर्ग होऊच शकत नाही.

आता उंदराकडे येऊ. एचपीव्हीचं कवच उंदराच्या पेशीत शिरू शकतं. पुढे विषाणूची वाढ मात्र होत नाही. म्हणून कवचात विषाणूऐवजी चमकणारं प्रथिन बनवणारं जनुक भरतात आणि ते उंदराच्या मादीच्या जननमार्गात लावतात. आत शिरकाव झाला तर ती जागा कॅमेऱ्यात उजळते, प्रतिपिंडांनी वाट अडवली तर अंधार राहतो. याच पद्धतीतून कळलं, की अस्तराला बारीक ओरखडा असेल तरच विषाणूला आत जाता येतं.

दुसऱ्या प्रकारच्या उंदरात एचपीव्हीच्या कर्करोग घडवणाऱ्या १६ क्रमांकाच्या प्रकाराची जनुकं जन्मापासूनच घातलेली असतात. १९९६ मध्ये अशा माद्यांना बराच काळ इस्ट्रोजेन हे संप्रेरक (हार्मोन) दिल्यावर गर्भाशयमुखाचा कर्करोग झाला. विषाणूच्या जनुकांना संप्रेरकाची साथ लागते, हे त्यातून दिसलं. मात्र या उंदरावर आपली लस तपासणं निरर्थक आहे. त्याला संसर्ग होतच नाही, जनुकं आधीच अंगात असतात.

आणि एक गोष्ट मला आवर्जून सांगायची आहे, कारण ती आपल्या अगदी जवळची आहे. प्रयोगशाळेतल्या उंदराचा स्वतःचा पॅपिलोमा विषाणू खारघरला, टाटा मेमोरियल सेंटरच्या अॅक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रात सापडला. तिथल्या थायमस (प्रतिकारशक्ती घडवणारी ग्रंथी) नसलेल्या, बिनकेसांच्या उंदरांच्या नाकातोंडाशी चामखिळी दिसल्या. त्यांवरचा शोधनिबंध २०११ मध्ये आला. हा विषाणू आज जगभरच्या प्रयोगशाळांत वापरला जातो. एखाद्याने ते उंदीर आजारी म्हणून टाकून दिले असते, तर? पिंजऱ्याकडे लक्ष देणाऱ्या माणसांचं मोल मोठं आहे.

शेवटी परवाना मिळाला तो प्राण्यांवरून नव्हे, हजारो स्त्रियांवरच्या चाचण्यांवरून. अमेरिकेत पहिली लस २००६ मध्ये आली. आपल्या हडपसरच्या सिरम इन्स्टिट्यूटच्या सर्व्हाव्हॅक या एचपीव्ही लशीला २०२२ मध्ये मंजुरी मिळाली. ती ६, ११, १६ आणि १८ या प्रकारांविरुद्ध आहे. नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींना सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस देतात. लस द्या, ताई. आणि तुमची स्वतःची गर्भाशयमुखाची तपासणी राहिली असेल, तर त्याच फेरीत करून घ्या.

प्रश्न : माझ्या लेअर शेडमध्ये काही कोंबड्या एक पाय पुढे, एक पाय मागे टाकून पडल्या. डॉक्टर मॅरेक्स म्हणाले, विषाणूचा कॅन्सर आहे म्हणाले. आमच्या घरात लहान मुलं आहेत.
— एक कुक्कुटपालक, मंचर

उत्तर : मुलांना धोका नाही. मॅरेक्सचा विषाणू माणसाला रोग करत नाही. पिसांच्या कोंड्यातून तो शेडभर पसरतो, म्हणून बॅच गेल्यावर तूस पूर्ण काढा, जाळ्या घासा, नवी पिल्लं जुन्या पक्ष्यांत मिसळू नका. हॅचरीत पिल्लाला पहिल्याच दिवशी लस मिळाली होती का, ते विचारा. ही लस १९७० च्या सुमारास आली. विषाणूमुळे होणाऱ्या कर्करोगावरची ती पहिली यशस्वी लस, आणि ती कोंबडीसाठी होती! फक्त ती गाठी थांबवते, विषाणूचा फैलाव पूर्ण थांबवत नाही. त्यामुळे स्वच्छतेला पर्याय नाही.

प्रश्न : मी एमएस्सी करते आहे. प्रोजेक्टसाठी विषाणूजन्य कर्करोगावर काम करणारी प्रयोगशाळा मिळाली, पण उंदीर मारावे लागतील म्हणून आई नाराज आहे आणि मलाही झोप येत नाही. पेशींवर सगळं भागत नाही का?
— एक विद्यार्थिनी, औंध

उत्तर : पुष्कळ भागतं, बाळ. एचपीव्हीचं पूर्ण जीवनचक्र आज त्वचेच्या पेशींच्या थरांवर, राफ्ट कल्चरमध्ये पाहता येतं. तुझा प्रश्न तिथे सुटत असेल, तर एकही उंदीर मारू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण काही प्रश्न तिथे सुटत नाहीत. १९९३ मध्ये हिपॅटायटिस बीवरच्या फियालुरिडिन या औषधाची अमेरिकेत पंधरा रुग्णांवर चाचणी झाली. आधीच्या प्राणीचाचण्यांत यकृताला असा धोका दिसला नव्हता. सात जणांचं यकृत निकामी झालं, पाच जण दगावले. नंतर तेच औषध वुडचकला दिलं, तर काही आठवड्यांनी त्याचंही यकृत तसंच ढासळलं. वुडचक म्हणजे लडाखला दिसणाऱ्या मार्मोटचा अमेरिकी भाऊबंद. त्याला हिपॅटायटिस बीच्या जवळचा विषाणू होतो, आणि जन्मतः संसर्ग झाला व तो टिकून राहिला तर बहुतेकांना यकृताचा कर्करोग होतो. तो प्राणी आधी निवडला असता, पुरेसा काळ औषध दिलं असतं, तर कदाचित ती माणसं वाचली असती. हा ‘कदाचित’ मला आजही छळतो.

म्हणून गाइडना आधी विचार, की नेमका हाच प्राणी का, आणि इतकेच का. प्राणी नीतिसमितीने मंजूर केलेला फॉर्म बी, म्हणजे प्रयोगाच्या परवानगीचा अर्ज, मागून वाच. वेदना कशी टाळणार आणि कोणत्या टप्प्यावर प्रयोग थांबवणार, हे त्यात असलंच पाहिजे. उत्तरं टाळली गेली, तर दुसरा विषय माग. त्यात कमीपणा नाही. आईलाही तो फॉर्म वाचून दाखव. आणि काम घेतलंस, तर पहिले काही दिवस प्राणिगृहातल्या जुन्या कर्मचाऱ्यांबरोबर घालव. उंदराला शेपटीने उचलू नकोस, नळीत शिरू दे आणि नळीसकट उचल. त्याची भीती कमी होते, हे तपासून सिद्ध झालेलं आहे.