क्लच लवकर सुटला, हे कळतंय ना?

"मॅडम, गाडी चालवणं माझ्या अंगातच नाही. या वयात कशाला हा नाद?"

बाई ५२ वर्षांच्या, सरकारी कचेरीत लिपिक. (त्यांच्या परवानगीने लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदलून.) ड्रायव्हिंग क्लास संपून महिना झाला होता. रोज सकाळी नवऱ्याला शेजारी बसवून सराव चाले. एक दिवस गाडी लोण्यासारखी जायची, दुसऱ्या दिवशी त्याच सिग्नलला तीनदा बंद पडायची. मागून हॉर्न, शेजारून "अगं क्लच, क्लच!" हे सांगताना त्यांचा डावा पाय माझ्या सतरंजीवर दाबला जात होता.

माझा पहिला अंदाज चुकला. ही भीती आहे असं समजून मी श्वासाचा व्यायाम दिला. पुढच्या आठवड्यात येऊन म्हणाल्या, "श्वास मोजू की गिअर टाकू?" बरोबरच होतं त्यांचं.

मग मी त्यांच्या टायपिंगबद्दल विचारलं. नोकरीसाठी मराठीची मिनिटाला तीस शब्दांची परीक्षा दिलेली, आज कीबोर्डकडे न बघता पत्रं टाइप करतात. म्हटलं, "ताई, 'ण' कुठे असतो हो?" त्या अडखळल्या. सांगता येईना. पण टेबलावर एक बोट अलगद सरकलं आणि टेकलं. आम्ही दोघीही त्या बोटाकडे बघत राहिलो.

फिट्स आणि पोस्नर या मानसशास्त्रज्ञांची १९६७ सालची एक मांडणी आहे. पहिल्या टप्प्यात माणूस प्रत्येक हालचाल मनात बोलून करतो: आधी क्लच, मग गिअर. तिसऱ्या टप्प्यात हात-पाय परस्पर काम उरकतात. ताईंचा 'ण' तिथला. मधला टप्पा फसवा. चुका कमी होतात, पण कालचं आज टिकेल याचा भरवसा नसतो, आणि हा टप्पा चांगलाच लांबू शकतो. माझ्याकडे 'मला जमणारच नाही' म्हणत येणारे बहुतेक जण इथेच अडकलेले असतात. मग ते पोहणं असो, हार्मोनियम असो की पक्षाघातानंतर पुन्हा शर्टाचं बटण लावणं असो.

मी विचारलं, "गाडी बंद पडते तेव्हा का पडली ते कळतं?"

"कळतं की. क्लच लवकर सुटला. पण सुटल्यावर कळतं."

"आणि क्लासमध्ये असताना?"

"तेव्हा सरांना विचारायचे, काय झालं म्हणून."

एवढं बोलून त्या स्वतःच थांबल्या. आपली चूक आपल्याच पायाला कळायला लागणं हीच मधल्या टप्प्याची खूण. फक्त तिथे शेजारी बसलेल्याची सततची सूचना अडचण करते: पाय जे सांगतोय ते ऐकू येण्याआधीच नवरा सांगून मोकळा होतो. पहिल्या आठवड्यात ती सूचना लागते, नंतर तिची कुबडी होते. म्हणून ठरवलं, नवऱ्याने जीव धोक्यात असेल तरच बोलायचं. तासभर एकदाच चालवण्याऐवजी सकाळ-संध्याकाळ वीस-वीस मिनिटं चालवायची, आणि रस्ता रोज तोच नको.

परवा त्यांचा फोन आला. चढावर गाडी अजून मागे येते. सिग्नलला मात्र आठवडाभरात एकदाच बंद पडली. "आणि हे?" मी विचारलं.

"गप्प असतात हो. पण ब्रेक मारतात, त्यांच्या बाजूला नसलेला."